दाखला

(वार्षिक परीक्षा आणि निकाल यांच्यामध्ये काही दिवस असे येतात की त्यांच्याकडे विद्यार्थ्यांचे फारसे लक्ष नसते. त्या दिवसांत शाळेच्या कार्यालयात कोणती कामे चालतात आणि त्यांचा आपल्या पुढच्या आयुष्याशी कसा संबंध येतो, हे या पाठात एका शिक्षकाने आपल्या अनुभवातून सांगितले आहे.)



एप्रिल महिना लागला की आपली शाळा सकाळची होते. मालेगावचे ऊन तुम्हांला ठाऊकच आहे. अकरा वाजले की वर्गाचे पत्रे तापतात, माठातले पाणी तळाला जाते आणि खिडकीतून येणारा यंत्रमागांचा खटखटाट नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखा वाटतो. अशा दिवसांत तुमची वार्षिक परीक्षा होते. शेवटचा पेपर दिला की तुम्ही पॅड आणि कंपास उचलता आणि फाटकाकडे धावता. कोणी मामाच्या गावी जाणार असतो, कोणी क्रिकेटचा संघ ठरवत असतो, तर कोणी अब्बांबरोबर कारखान्यात कांड्या भरायला जाणार असतो.

"शाळेचे वर्ष कधी संपते?" असा प्रश्न मी दर वर्षी नववीच्या वर्गाला विचारतो. बहुतेक मुले म्हणतात, "शेवटचा पेपर झाला की." काही मुले म्हणतात, "१ मे रोजी, झेंडावंदन झाल्यावर निकाल मिळतो तेव्हा." एकदा एका मुलीने सांगितले, "सर, दहावीच्या मुलींचे वर्ष तर मार्चमध्येच संपले." ही सगळी उत्तरे बरोबर आहेत. पण आणखी एक उत्तर आहे. ते शाळेच्या कार्यालयात, एका जाड रजिस्टरात असते. त्याविषयी आज मी तुम्हांला सांगणार आहे.

शेवटचा पेपर आणि निकाल यांच्या मधल्या दिवसांत शाळेत मुले नसतात, पण शाळा बंद नसते. शिक्षक उत्तरपत्रिका तपासतात. निकालपत्रक तयार होते. ग्रंथालयातली पुस्तके मोजली जातात आणि जी परत आली नाहीत त्यांच्यापुढे लाल खूण केली जाते. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या मोजल्या जातात. हजेरीपत्रकात वर्षभराच्या हजेरीची बेरीज केली जाते. आणि मग कपाटातून सर्वांत मोठे पुस्तक बाहेर निघते. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात.

या रजिस्टरात शाळेत आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ असते. ज्या दिवशी तुमचा हात धरून अम्मी किंवा अब्बा तुम्हांला शाळेत घेऊन आले, त्या दिवशी तुमची ओळ लिहिली गेली आणि तिला एक क्रमांक मिळाला. ज्या दिवशी तुम्ही शाळा सोडाल, त्या दिवशी त्याच ओळीचा शेवटचा रकाना भरला जाईल. हजेरीपत्रके जुनी होतात, उत्तरपत्रिका रद्दीत जातात, पण जनरल रजिस्टर शाळा कायम जपून ठेवते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडलेली माणसेही कधी कधी आपली ओळ शोधत कार्यालयात येतात. कोणाला पासपोर्ट काढायचा असतो, कोणाला नातवाच्या कागदांसाठी पुरावा हवा असतो. लिपिक पाने उलटतात, ओळ सापडते आणि त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा उजळतो.

आता थोडे शब्दांविषयी बोलू या. हजेरी, गैरहजर, तारीख, हिशेब, बाकी, शिक्का हे शब्द मराठीच्या पुस्तकात दिसले की तुम्हांला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. हे शब्द अरबी आणि फारसीतून मराठीत आले आणि ते उर्दूतही आहेत. त्यांचा अर्थ तुम्हांला शिकवावा लागत नाही. पण काही शब्द मात्र फसवतात. त्यांचा चेहरा ओळखीचा असतो आणि अर्थ वेगळा असतो.

उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कार्यालय. मराठीत 'दप्तर' म्हणजे कार्यालयातले कागदपत्र आणि तुमच्या पाठीवरची पिशवीसुद्धा. उर्दूत 'रजा' म्हणजे संमती किंवा खुशी. मराठीत 'रजा' म्हणजे सुटी घेण्याची परवानगी, आणि पुढे सुटीलाच रजा म्हणू लागले. उर्दूत 'सही' म्हणजे बरोबर. मराठीत 'सही' म्हणजे कागदाखाली आपल्या हाताने लिहिलेले आपले नाव. नीट पाहिले तर हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर नाहीत. कागदावर जे लिहिले आहे ते बरोबर आहे, असे सांगण्यासाठीच आपण खाली सही करतो.

सर्वांत मोठी गंमत 'दाखला' या शब्दाची आहे. उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. मराठीतही 'दाखल होणे' म्हणजे आत येणे, हजर होणे. परंतु मराठीत 'दाखला' म्हणजे पुरावा किंवा प्रमाणपत्र. म्हणून आपण जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असे म्हणतो. बोलताना उदाहरण दिले तर त्यालाही दाखला देणे म्हणतात. आणि शाळा सोडताना जो कागद मिळतो त्याचे नाव 'शाळा सोडल्याचा दाखला'. उर्दू बोलणाऱ्या मुलाने हा शब्द प्रथम ऐकला की त्याला वाटते, सोडण्याच्या कागदाला प्रवेशाचे नाव कसे? मलाही तसेच वाटले होते. पुढे शिक्षक झाल्यावर मला या नावातले शहाणपण कळले. ते मी शेवटी सांगेन. आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो.

एप्रिल २००४ मधली गोष्ट आहे. मी नववीत होतो. शेवटचा पेपर झाल्यावर आमच्या वर्गशिक्षकांनी जनरल रजिस्टर टेबलावर ठेवले आणि सांगितले, "एकेकाने पुढे या. आपली ओळ नीट वाचा. बरोबर असेल तर या कागदावर सही करा. पुढच्या वर्षी बोर्डाचा अर्ज याच नोंदीवरून भरला जाईल."

रांग मोठी होती. मोसम नदीच्या कोरड्या पात्रात माझे मित्र बॅट घेऊन वाट पाहत होते. माझी पाळी आली. मी माझे नाव पाहिले. नाव बरोबर होते. मी झटकन सही केली आणि बाहेर पळालो. सही केली, पण सगळे सही आहे की नाही ते पाहिले नाही.

माझ्या वडिलांचे नाव फजल. रजिस्टरात लिहिले होते फैजल. कधीतरी जुन्या पानावरून नव्या पानावर उतरवताना दोन मात्रा जास्त पडल्या होत्या आणि 'फ' चा 'फै' झाला होता. दोन मात्रांनी माझे वडील बदलले! रजिस्टरातली चूक बोर्डाच्या अर्जात गेली. अर्जावर पुन्हा सही घेतली गेली आणि मी पुन्हा फक्त माझे नाव पाहिले. अर्जातली चूक २००५ मध्ये दहावीच्या प्रमाणपत्रावर छापली गेली. बारावीला आणि पदवीला तेच प्रमाणपत्र दाखवले, म्हणून कोणाच्या काही लक्षात आले नाही.

२०१० मध्ये मी बी. एड. च्या प्रवेशासाठी गेलो. तेथे जातीचा दाखला आणि वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता. खिडकीतल्या बाबूंनी सगळे कागद एकावर एक ठेवले, चष्मा वर केला आणि विचारले, "हे फजल कोण आणि फैजल कोण?"

"दोघे एकच आहेत साहेब, माझे अब्बा."

"कागदावर तर दोन माणसे आहेत," ते म्हणाले.

त्यांचे काही चुकले नव्हते. कागद वाचणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी नीट केले. ते काम मी सहा वर्षांपूर्वी करायला हवे होते. प्रवेशाची मुदत निघून गेली. माझे एक वर्ष वाया गेले. त्या वर्षात मी आणि अब्बा या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरलो. अब्बा लूमवर काम करत. जितके कापड विणले जाईल तितकी मजुरी. ज्या दिवशी ते माझ्याबरोबर येत, त्या दिवशीची मजुरी बुडे. शेवटी एके दिवशी त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्यात लिहिले होते की फजल आणि फैजल ही एकाच व्यक्तीची नावे असून ती व्यक्ती मीच आहे. एका माणसाला साठीच्या जवळ आल्यावर आपण आपणच आहोत हे शपथेवर सांगावे लागले.

परत येताना बसमध्ये अब्बांनी मला एकच प्रश्न विचारला, "बेटा, तू वाचले नव्हतेस का?"

अब्बांना मराठी वाचता येत नव्हते. मला येत होते. आपल्या उर्दू शाळेत मराठी हा विषय का शिकवतात, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. आपल्या राज्याचे दप्तर मराठीत चालते. सातबाराचा उतारा, रेशनकार्ड, नगरपालिकेची पावती, शाळेचा दाखला, सगळे मराठीत. घरात ज्याला मराठी येते, तो सगळ्या घराचे डोळे असतो. डोळ्यांनी झोप घेतली तर घर ठेच खाते.

आता जन्मतारखेची गोष्ट ऐका. रजिस्टरात माझी जन्मतारीख १ जून १९८९ आहे. माझ्या वर्गात नऊ मुलांची जन्मतारीख १ जून होती! त्या काळी अनेक घरांत जन्माचा दाखला नसे. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होई. प्रवेशाच्या वेळी वय पूर्ण झालेले दिसावे, म्हणून गुरुजी १ जून ही तारीख लिहीत. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत आणि गावागावांत १ जूनला 'वाढदिवस' असलेली कितीतरी माणसे तुम्हांला भेटतील.

माझी दादी मात्र सांगायची, "तू रमजानच्या सत्ताविसाव्या तारखेला जन्मलास." मी मोठा झाल्यावर हिशेब केला. ते हिजरी वर्ष १४०९ होते. म्हणजे माझा जन्म मे १९८९ च्या पहिल्या आठवड्यातला. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. म्हणून रमजान दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. २०२२ मध्ये रमजान पुन्हा एप्रिलमध्ये आला, तेव्हा माझे विद्यार्थी रोजे ठेवून वार्षिक परीक्षेला बसले होते. दादीचा महिना फिरून माझ्या वर्गात आला, असे मला वाटले. पण सरकारी कागदावर मी १ जूनचाच आहे आणि राहीन, कारण माझे सगळे कागद एकच तारीख सांगतात.

तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला आहे. तो काढा आणि शाळेच्या नोंदीशी ताडून पाहा. काय काय पाहायचे, ते सांगतो.

आधी आपले पूर्ण नाव पाहा. आपल्याकडे एकच नाव अनेक प्रकारे लिहिले जाते. मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद, महंमद अशी चार रूपे तर मीच एका वर्गात पाहिली आहेत. उर्दूत जाल, जे, ज्वाद आणि जोय अशी चार अक्षरे आहेत. मराठीत त्या चारही अक्षरांसाठी एकच 'ज' येतो. रोमन लिपीत पुन्हा वेगळे अक्षर येते. त्यामुळे एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना नाव घसरते. कोणते रूप चांगले, हा प्रश्न नाही. सगळ्या कागदांवर एकच रूप असावे, हे महत्त्वाचे. 'शेख' किंवा 'सय्यद' नावाच्या आधी येते की नंतर, तेही सगळीकडे सारखे हवे.

मग वडिलांचे नाव आणि आईचे नाव पाहा. जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहिलेली असते. दोन्ही वाचा. जन्मस्थळाचे गाव, तालुका आणि जिल्हा पाहा. धर्म आणि जात यांचे रकाने पाहा, कारण पुढे शिष्यवृत्ती आणि प्रवेश यांच्या वेळी तेच विचारले जातात.

चूक दिसली तर घाबरू नका आणि लपवूही नका. विद्यार्थी शाळेत शिकत आहे तोपर्यंत नोंद दुरुस्त करण्याचा रस्ता सोपा असतो. पालकांचा अर्ज आणि पुरावे घेऊन मुख्याध्यापक ते प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात आणि मंजुरी मिळाली की नोंद बदलते. शाळा सोडल्यावर हेच काम फार अवघड होते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. दाखल्यावर स्वतःच्या पेनाने कधीही खाडाखोड करू नका. तो गुन्हा आहे.

मित्रांनो, दाखल्यावर एक रकाना असा असतो की तो पुराव्यांशी ताडून पाहता येत नाही. तो म्हणजे 'शाळा सोडण्याचे कारण'. त्या रकान्याची एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी २ मे रोजी मी कार्यालयात बसलो होतो. आदल्या दिवशी निकाल लागला होता. नववीतली एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर आली. तिचे नाव मी सांगत नाही. ती पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली होती आणि मराठीत वर्गात पहिली होती. वडिलांनी माझ्यापुढे एक अर्ज ठेवला. अक्षर मी लगेच ओळखले. अर्ज मुलीनेच लिहिला होता आणि खाली वडिलांनी उर्दूत सही केली होती.

अर्ज अगदी मी वर्गात शिकवला होता तसा होता. उजवीकडे दिनांक, डावीकडे 'प्रति, माननीय मुख्याध्यापक', मध्ये विषय, मग मजकूर: 'माझी मुलगी इयत्ता नववी उत्तीर्ण झाली आहे. तरी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. परीक्षेत मी पाचपैकी पाच गुण दिले असते.

"भाई, कोणत्या शाळेत घालणार हिला?" मी विचारले.

"कुठेच नाही, सर. शिकली तेवढे पुष्कळ झाले. दाखला घरात असावा, म्हणून घेऊन ठेवतो."

मी मुलीकडे वळलो. "अर्जात एक गोष्ट राहिली आहे. आपण वर्गात काय शिकलो होतो?"

"कारण, सर," ती हळूच म्हणाली.

"मग का नाही लिहिले?"

"अब्बांनी सांगितले नाही. मी माझ्या मनाने काय लिहू?"

शेजारी बसलेले लिपिक म्हणाले, "पालकांच्या विनंतीवरून, असे लिहा. सगळे तेच लिहितात."

ते खरे होते. जुन्या दाखल्यांच्या प्रती काढून पाहा. पानामागून पान तेच दोन शब्द दिसतात, 'पालकांच्या विनंतीवरून'. कोणाचे आजारपण, कोणाचे लग्न, कोणाची गरिबी, कोणाचे गाव सोडून भिवंडीला जाणे, सगळे त्या दोन शब्दांखाली झाकले गेले आहे.

मी पेन मुलीच्या हातात दिले आणि तिच्या वडिलांना म्हणालो, "तुम्ही सांगा, ती लिहील. जे खरे असेल तेच सांगा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तेवढ्यात वीज गेली आणि बाहेरचे सगळे माग एकदम थांबले. मालेगावात अशी शांतता फार थोडा वेळ मिळते. त्या शांततेत ते म्हणाले, "हिची आई आजारी आहे. घरात करणारे दुसरे कोणी नाही. एवढे लिही."

तिने लिहिले, 'आई आजारी असल्यामुळे'.

मी म्हणालो, "भाई, आजार आज आहे, इन्शाअल्ला उद्या जाईल. दाखला मात्र कायमचा निघेल. दाखला घरात ठेवण्यासाठी नसतो. तो दुसऱ्या दारात दाखवण्यासाठी असतो. दुसरे दार ठरले नसेल तर इतक्यात तो काढू नका. सुटीचे दिवस आहेत. आईचे औषधपाणी करा. जूनमध्ये आपण पुन्हा बोलू."

त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. "जूनपर्यंत पाहतो," एवढेच ते म्हणाले. मी काही मोठे भाषण केले नव्हते. मी फक्त अर्जातली चूक दाखवली होती.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा ती दहावीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसली होती. वर्षभर तिचे खाडे झाले. आईला दवाखान्यात न्यायचे असले की ती रजेचा अर्ज पाठवी आणि त्यात खरे कारण लिही. पुढच्या वर्षी ती दाखला घ्यायला आली. त्या रकान्यात या वेळी लिहिले होते, 'दहावी उत्तीर्ण'. सोबत तिने अकरावीच्या प्रवेशाचा अर्जही आणला होता.

सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत, हेही तुम्हांला सांगितले पाहिजे. त्याच वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार. एप्रिलमध्ये परीक्षा देऊन तो कारखान्यात कांड्या भरायला गेला. सुटीपुरते काम, असे म्हणाला होता. जून गेला, जुलै गेला, तो आला नाही. मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा तो पाळीवर होता. शेवटी हजेरीपत्रकातून त्याचे नाव कमी करावे लागले. त्याने अर्ज केला नाही, म्हणून त्याचा दाखला निघाला नाही. जनरल रजिस्टरात त्याच्या ओळीचा शेवटचा रकाना आजही कोरा आहे.

तो रकाना पाहिला की मला वाईट वाटते, पण मी आशा सोडलेली नाही. शाळा सुटलेल्या विद्यार्थ्याला दहावीची परीक्षा खाजगीरीत्या देता येते. त्यासाठी बोर्डाचा अर्ज भरावा लागतो. लोक त्याला '१७ नंबरचा फॉर्म' म्हणतात. त्या अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. त्या मुलाला हा निरोप मी पाठवला आहे. तुमच्या गल्लीत असा कोणी मुलगा किंवा मुलगी असेल, तर तुम्हीही हा निरोप पोहोचवा. दहावीत नापास झालेल्यांनाही सांगा की बोर्ड त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेते. नापास झाल्यावर दाखला घेऊन घरी बसण्याची घाई करू नये.

आता 'दाखला' या शब्दातले शहाणपण सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की आपण म्हणतो, शाळा संपली. पण हा कागद ज्याच्यापुढे ठेवायचा असतो, तो माणूस नव्या शाळेचा, नव्या कॉलेजचा किंवा नव्या कामाच्या ठिकाणचा असतो. तो कागद पाहून तुम्हांला आत घेतो. म्हणून मराठीतला दाखला आणि उर्दूतला दाखिला शेवटी एकाच उंबरठ्यावर भेटतात. एका दारातून बाहेर पडताना जो कागद मिळतो, तोच दुसऱ्या दारातून आत नेतो. फक्त दुसरे दार ठरलेले हवे आणि कागदावरची प्रत्येक ओळ खरी हवी.

या एप्रिलमध्ये शेवटचा पेपर झाला की मी जनरल रजिस्टर टेबलावर ठेवणार आहे. बाहेर तुमचे मित्र वाट पाहत असतील, हे मला माहीत आहे. त्यांना पाच मिनिटे थांबू द्या. आपली ओळ डावीकडून उजवीकडे, शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा. अब्बांचे नाव वाचा, अम्मीचे नाव वाचा. चूक असेल तर मला सांगा. सगळे सही असेल, तरच सही करा.

आता तुमची रजा घेतो. जूनमध्ये भेटू.

शब्दार्थ

रकाना – खाना, कागदावर आखलेली उभी जागा
नोंद – लिहून ठेवलेली माहिती
ताडून पाहणे – दोन गोष्टी एकमेकींशी मिळतात का ते पाहणे
प्रतिज्ञापत्र – हलफनामा
लिपिक – कार्यालयात लिहिण्याचे काम करणारा, क्लार्क
मुदत – ठरवून दिलेला काळ
खाडा – गैरहजेरी
पाळी – (येथे) कारखान्यात कामाची ठरलेली वेळ
उंबरठा – दाराची दहलीज

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या वडिलांचे खरे नाव काय होते?
(आ) जनरल रजिस्टरात प्रत्येक विद्यार्थ्याची काय असते?
(इ) हिजरी वर्ष किती दिवसांचे असते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या वर्गात नऊ मुलांची जन्मतारीख १ जून का होती?
(आ) 'तू वाचले नव्हतेस का?' या प्रश्नाचे लेखकाला वाईट का वाटले असेल?
(इ) मुलीच्या अर्जात कोणती गोष्ट राहिली होती? ती तिने का लिहिली नव्हती?

३. पुढील शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सांगा.
दप्तर, रजा, सही, दाखला

४. 'दाखला' हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरून तीन वाक्ये लिहा.

५. आई आजारी असल्यामुळे तीन दिवसांची रजा मिळावी, असा अर्ज वर्गशिक्षकांना लिहा. कारण लिहायला विसरू नका.

उपक्रम : घरातील मोठ्या माणसांना विचारून आपला जन्माचा दाखला पाहा. त्यावरील नाव, आईवडिलांचे नाव आणि जन्मतारीख प्रगतिपुस्तकाशी ताडून पाहा. फरक आढळल्यास वर्गशिक्षकांना सांगा.